कोणाचा तुकाराम? : जुन्या चित्रपटांचे स्मरणरंजन आणि मराठी-कन्नड सहस्मृती

१

मराठीत जुन्या चित्रपटांविषयी जे लेखन झाले आहे, त्याचा फार मोठा भाग आठवणींचा आहे. चित्रपटगृहांची नावे, तिकिटांचे दर, नटनट्यांच्या हकीकती, गाण्यांच्या जन्मकथा, कलावंतांच्या शताब्दीनिमित्त निघणारे विशेषांक अशा रूपांत हे लेखन रविवारच्या पुरवण्यांपासून आत्मचरित्रांपर्यंत पसरले आहे. समीक्षेने त्याला दोन प्रकारे वागवले. एक तर चित्रपटेतिहासाची कच्ची सामग्री म्हणून त्याचा उपयोग करून घेतला, नाही तर भाबडे म्हणून ते बाजूला सारले. स्मरण ही स्वतंत्र वाचनपद्धती आहे, तिची काही गृहीतके आहेत आणि ती तपासता येतात, हा विचार मात्र फारसा झाला नाही.

या संदर्भात 'स्मरणरंजन' हा शब्दच बोलका आहे. 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घडवली. परमुलखात राहणाऱ्या स्विस मंडळींना जडणाऱ्या घरओढीच्या विकाराचे ते नाव होते. परतणे आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांच्या जोडणीतून ते सिद्ध झाले. मराठीने या संज्ञेसाठी जो शब्द रूढ केला, त्यातून वेदना गळाली आणि रंजन आले. परतण्याची क्रियाही गळाली, उरले केवळ स्मरण. गतकाळ अप्राप्य आहे या जाणिवेपेक्षा तो हाताशी आहे आणि त्यात सुखाने रमता येते ही भावना मराठी शब्दात अधिक आहे. जुन्या चित्रपटांविषयीच्या लेखनाचा स्वभावही पुष्कळसा असाच आहे.

स्वेतलाना बोइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार कल्पिले आहेत. एक पुनःस्थापक : हरवलेले घर जसेच्या तसे उभे करू पाहणारा आणि स्वतःला स्मरणरंजन न म्हणता सत्य व परंपरा म्हणवणारा. दुसरा चिंतनशील : घर मोडले आहे हे मान्य करून त्या मोडतोडीपाशी थांबणारा. हे वर्गीकरण उपयुक्त असले, तरी भारतीय चित्रपटाच्या संदर्भात त्याला एक पुरवणी जोडावी लागते. येथे हरवलेले घर एका भाषेचे होते का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

जुन्या मराठी चित्रपटाचे स्मरण तीन गृहीतकांवर उभे असते. पहिले, चित्रपट एका भाषेचा व म्हणून एका समाजाचा असतो. दुसरे, तो आपल्याकडे अखंड आहे. तिसरे, आठवण ही प्रथम अनुभवाची आठवण असते. ही तिन्ही गृहीतके मराठी-कन्नड व्यवहाराच्या कसोटीवर टिकत नाहीत, मात्र ती ढासळल्याने स्मरण निरर्थक होत नाही; उलट ते तौलनिक अभ्यासाचा विषय होण्याइतके समृद्ध होते, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

२

ही कसोटी लावण्यासाठी एखादे स्थळ हवे. कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई येथून पाहू गेल्यास गृहीतके निसटून जातात, कारण त्या शहरांत चित्रपटाची आठवण भिंतींना चिकटलेली आहे. बंगळूरच्या दक्षिण टोकाचे बोम्मसंद्रा हे स्थळ यासाठी अधिक योग्य ठरते. होसूर रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे वसलेली ही औद्योगिक वसाहत कारखाने, औषधनिर्मिती आणि मोठी रुग्णालये यांसाठी ओळखली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तिचे शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा येथे आहे. याच रस्त्याने पुढे गेले की तमिळनाडूची हद्द लागते. आंध्रची सीमाही फार दूर नाही. कामानिमित्त येऊन राहिलेल्या कन्नड, तमिळ, तेलुगू भाषकांच्या वस्तीत मराठी भाषकही आहेत. जुन्या एकपडदा चित्रपटगृहाची सामुदायिक आठवण मात्र या नव्या वसाहतीला नाही. येथे जुना चित्रपट भेटतो तो दूरचित्रवाणीच्या वा हातातल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर.

अशा वसाहतीतल्या एकाच इमारतीत 'तुकाराम' हे नाव उच्चारले तर किती चेहरे डोळ्यांपुढे येऊ शकतात, हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे. मराठी घरात १९३६ च्या 'संत तुकाराम'मधील विष्णुपंत पागनीस येतील. कन्नड घरात १९६३ च्या कन्नड चित्रपटातील राजकुमार येतील. तेलुगू घरात १९७३ च्या 'भक्त तुकाराम'मधील अक्किनेनी नागेश्वर राव येतील. तमिळ घरातल्या एखाद्या संगीतप्रेमी वृद्धाला मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर यांचे नाव स्मरेल. कर्नाटक संगीतातील या श्रेष्ठ गायकाने १९३८ च्या तमिळ चित्रपटात तुकारामाची भूमिका केली होती. चार भाषा, चार चेहरे आणि प्रत्येक घरात 'खरा' तुकाराम आपलाच.

बंगळूरच्या बाबतीत हा योगायोग वरवरचा नाही. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच दक्षिणेत उतरले आणि १६७० च्या दशकात तंजावरला मराठ्यांची सत्ता स्थापन झाली. त्या दरबाराच्या आश्रयाने मराठी कीर्तनपरंपरा तमिळ प्रदेशात रुजली व तेथल्या हरिकथेच्या घडणीत मिसळली. तमिळ चित्रपटाला तुकाराम परका वाटला नाही, त्यामागे हा दीर्घ इतिहास आहे.

३

पहिले गृहीतक चित्रपटाच्या एकभाषिकतेचे. त्याचा सर्वांत स्पष्ट प्रतिवाद कन्नडच्या पहिल्या बोलपटात सापडतो. 'सती सुलोचना' हा चित्रपट ३ मार्च १९३४ रोजी बंगळूरमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, निर्माते बंगळूरस्थित व्यापारी चमनलाल डुंगाजी, रावणाच्या भूमिकेत आर. नागेंद्र राव, इंद्रजिताच्या भूमिकेत सुब्बय्या नायडू आणि सुलोचनेच्या भूमिकेत त्रिपुरांबा. कन्नड चित्रपटसृष्टीचा आरंभबिंदू म्हणून या दिवसाला मान आहे. परंतु या चित्रपटाचे चित्रीकरण बंगळूरमध्ये झाले नाही, ते कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये झाले. त्या काळी बंगळूरला बोलपटनिर्मितीची पुरेशी साधने नव्हती. कोल्हापुरात स्टुडिओ होते, यंत्रे होती आणि बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून घडत आलेला कसबी कारागीरवर्ग होता.

येथे दोन स्मृती एकमेकींपासून तुटल्या. कन्नड स्मृतीत 'सती सुलोचना' हा प्रारंभ आहे, कोल्हापूर ही त्यातली एक तांत्रिक तळटीप. मराठी स्मृतीत कोल्हापूर ही चित्रनगरी आहे, पण तिच्या वैभवाच्या यादीत 'सती सुलोचना' जवळजवळ नाही. जयप्रभा, प्रभात, भालजी पेंढारकर, बाबूराव पेंटर यांच्या आठवणी सांगणाऱ्या लेखनाला आपल्या गावात दुसऱ्या भाषेचा पहिला बोलपट जन्मला याचे अगत्य वाटलेले दिसत नाही. कारण उघड आहे. स्मरणाचा कप्पा भाषेनुसार पाडला, की स्टुडिओ मराठी आणि चित्रपट कन्नड अशा वस्तूला जागाच उरत नाही.

वास्तविक त्या काळात अशा वस्तू पुष्कळ होत्या. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन भाषांत झाला. प्रभातनेच 'सीता कल्याणम्' (१९३४) हा तमिळ चित्रपट निर्माण केला व त्याचे दिग्दर्शन बाबूराव पेंढारकरांनी केले. व्ही. शांताराम यांच्या उमेदवारीच्या वर्षांतली काही हुबळीत, रेल्वेच्या कारखान्यात आणि तेथल्या चित्रपटगृहात पडेल ते काम करण्यात गेली होती. रंगभूमीकडे गेल्यास हे नाते आणखी मागे जाते. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, त्याला निमित्त झाले ते कर्नाटकातील कर्की येथून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचे. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी नाटकाच्या इतिहासाने हे ऋण नोंदवले आहे. मराठी चित्रपटाच्या स्मरणाने मात्र परतफेडीची नोंद ठेवली नाही, हे विशेष.

दुसरे गृहीतक अखंडतेचे. 'सती सुलोचना'ची छायाप्रत आज उपलब्ध नाही. कन्नड चित्रपट आपला आरंभ साजरा करतो तो न पाहिलेल्या चित्रपटाच्या आधारे : काही छायाचित्रे, जाहिराती, कलावंतांच्या मुलाखती आणि ऐकीव माहिती. हे दुर्दैव एकट्या कन्नडचे नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या मूकपटाचाही अंशच उरला आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा, त्यात प्रभातच्या काही मूळ फितीही, नष्ट झाला. नायट्रेटच्या फितीतील चांदीसाठी जुन्या प्रती वितळवल्या जात, ही गोष्टही अभ्यासकांना परिचित आहे. म्हणजे स्मरणरंजन ज्याला ठेवा म्हणते, त्याचा पुष्कळ भाग मुळात अनुपस्थित आहे. अनुपस्थित वस्तूचे रंजन होऊ शकते, परंतु तिच्यावर मालकी सांगता येत नाही. न उरलेल्या चित्रपटावर हक्क सांगणारी स्मृती प्रत्यक्षात एका नावावर हक्क सांगत असते.

४

तिसरे गृहीतक प्रथम अनुभवाचे. त्याची तपासणी करण्यास दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'इतके योग्य उदाहरण नाही. डिसेंबर १९३६ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. शिवराम वाशीकरांची पटकथा, केशवराव भोळे यांचे संगीत, पागनीसांचा तुकाराम आणि गौरी यांची जिजाई हे सारे आता मराठी सांस्कृतिक स्मृतीचे अंग झाले आहे.

पण ही स्मृती कोणाची? १९३६-३७ मध्ये तो प्रथम पाहिलेला प्रेक्षकवर्ग आता जवळजवळ उरलेला नाही. त्यानंतरच्या पिढ्यांनी हा चित्रपट पुनःप्रदर्शनात, गावोगावच्या तंबूत, पुढे दूरचित्रवाणीवर पाहिला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि शनिवारच्या संध्याकाळी लागणारा मराठी चित्रपट ही मध्यमवर्गीय घराची एक सवय झाली. आज साठीत असलेल्या मराठी माणसाची 'प्रभात'ची आठवण ही बहुधा अशी उसनी आहे : वडिलांच्या आठवणीची आठवण, तीही लहान पडद्यावरून मिळालेली. 'जुना काळ' म्हणून जो आठवतो तो १९३६ नसून १९७० व ८० ची दशके आहेत. बोम्मसंद्र्यातील तरुण मराठी अभियंत्याच्या बाबतीत तर ही उसनवारी आणखी एका पिढीने वाढते.

उसनवारीचे मूळ चित्रपटाच्याही आत आहे. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी अभंगाच्या धाटणीत लिहिलेले पद अनेकांनी तुकोबांच्या गाथेतलेच मानले. हा किस्सा मराठी स्मरणलेखनात कौतुकाने सांगितला जातो : कवी किती समरस झाला पाहा! परंतु त्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. चित्रपटाने स्वतःआधीचा भूतकाळ निर्माण केला आणि प्रेक्षकाने तो आठवला. जे कधी नव्हते त्याची आठवण येणे, हे स्मरणरंजनाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका, दोन्ही आहे. पागनीसांच्या चेहऱ्याबाबतही असेच झाले. तुकोबांची समकालीन अशी सर्वमान्य प्रतिमा नसताना अनेकांच्या मनात नटाचा चेहरा संताचा चेहरा होऊन बसला.

गीता कपूर यांनी या चित्रपटाच्या विवेचनात भक्ताच्या समोर येणाऱ्या प्रतिमेची, दर्शनाच्या दृश्यभाषेची चर्चा केली आहे. त्या चर्चेला स्मरणाच्या बाजूने एक जोड देता येते. पागनीस स्वतः गात, त्यामुळे पडद्यावरचे शरीर आणि कंठ एकच होता. ही एकात्मता प्रेक्षकाला अभिनय वाटत नाही, साक्ष वाटते. साक्षीची आठवण ही कलाकृतीच्या आठवणीपेक्षा कडवी असते. ती दुसरी साक्ष सहजासहजी मान्य करत नाही. 'पागनीसांसारखा तुकाराम पुन्हा होणे नाही' हे वाक्य मराठीत वारंवार उच्चारले गेले, ते केवळ नटाच्या स्तुतीचे नव्हते. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या 'तुकाराम'ने संसारी, घडत जाणारा, दुष्काळ भोगणारा तुकाराम उभा केला, तेव्हाही त्याला याच साक्षीशी सामना करावा लागला.

मात्र मराठी स्मरणाने एक तपशील सोयीने विसरला आहे. 'संत तुकाराम'नंतर पागनीसांनी १९३९ मध्ये 'संत तुलसीदास'मध्ये तुलसीदासांची आणि १९४० मध्ये विजय भट्ट यांच्या 'नरसी भगत'मध्ये नरसी मेहतांची भूमिका केली. ज्या चेहऱ्यावर मराठीने एकाधिकार सांगितला, तो चेहरा अवधीच्या आणि गुजरातीच्या संतकवींनाही देऊन झाला होता. साक्ष एकच नव्हती. साक्षीदार बहुभाषिक होता.

५

या पार्श्वभूमीवर कन्नड 'संत तुकाराम'कडे वळले पाहिजे. सुंदरराव नाडकर्णी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात राजकुमार तुकाराम झाले. उत्कृष्ट कन्नड चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत स्थान मिळाले. विजय भास्कर यांचे संगीत आणि पी. बी. श्रीनिवास यांचा पार्श्वस्वर ही त्याची कन्नड घरांतील ओळख.

पागनीसांशी तुलना करता येथे दोन फरक दिसतात. पहिला कंठाचा. १९६३ पर्यंत पार्श्वगायन स्थिरावले होते. राजकुमार पुढे स्वतःच्या चित्रपटांत गाऊ लागले, पण त्यांच्या तुकारामाचा स्वर दुसऱ्याचा होता. शरीर आणि कंठ वेगळे झाल्यावर तुकाराम साक्ष राहत नाही, तो भूमिका होतो. कन्नड प्रेक्षकाने ती भूमिका म्हणूनच स्वीकारली आणि तीत काही उणे मानले नाही.

दुसरा फरक मालिकेचा. राजकुमार १९६० मध्ये 'भक्त कनकदास', १९६२ मध्ये 'महात्मा कबीर', १९६३ मध्ये तुकाराम, १९६४ मध्ये 'नवकोटी नारायण'मध्ये पुरंदरदास आणि १९७४ मध्ये हुणसूर कृष्णमूर्ती यांच्या 'भक्त कुंबार'मध्ये गोरा कुंभार झाले. म्हणजे कन्नड स्मृतीत तुकाराम एकटा उभा नाही. तो कनकदास आणि पुरंदरदास यांच्या पंक्तीत, कबीर आणि गोरोबांच्या शेजारी बसला आहे. मराठी स्मृतीने तुकारामाला एका चेहऱ्यात बंदिस्त केले. कन्नड स्मृतीने एका चेहऱ्याला अनेक संतांत वाटून दिले. हरिदासांच्या कीर्तनांत विठ्ठल आधीपासूनच वसलेला असल्यामुळे हे वाटप कन्नडला सहज साधले. मराठी संतवाङ्मयानेही विठ्ठलाचे कानडेपण कधी लपवले नव्हते. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाने त्या दैवताच्या घडणीतील कर्नाटक, आंध्र व महाराष्ट्र यांचे धागे विस्ताराने दाखवले आहेत. देवाच्या बाबतीत जे मान्य झाले, ते चित्रपटाच्या बाबतीत मान्य व्हायचे आहे.

तेलुगू 'भक्त तुकारामा'त हे धागे आणखी एका वळणाने गुंफले जातात. व्ही. मधुसूदन राव यांच्या या रंगीत चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका शिवाजी गणेशन यांनी केली. अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजीची भूमिका केल्यामुळेच या तमिळ नटाला 'शिवाजी' हे नाव मिळाले होते. मराठी इतिहासातून तमिळ रंगमंचावर गेलेले नाव तेलुगू पडद्यावर पुन्हा मूळ व्यक्तिरेखेत परतले. अशा परतण्याला रूपांतर म्हणावे की स्वगृही येणे, हे ठरवणे अवघड आहे. मूळ आणि अनुकरण ही जोडीच येथे अपुरी पडते.

६

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. सहस्मृतीची भाषा गोड आहे; पण मराठी आणि कन्नड यांच्यात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाप्रश्न धुमसतो आहे. बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून संघर्ष होतात, बस अडवल्या जातात. अशा स्थितीत जुन्या चित्रपटांच्या आठवणीतून सौहार्द शोधणे हेच एक स्मरणरंजन नव्हे काय?

हा आक्षेप टाळता येणार नाही, कारण त्याचा सर्वांत बोचरा पुरावा राजकुमार यांच्याच चरित्रात आहे. तुकाराम आणि गोरा कुंभार कन्नड घरांत पोचवणारा हा नट १९८२ च्या गोकाक आंदोलनाचे नेतृत्व करत होता. शालेय शिक्षणात कन्नडला प्रथम भाषेचे स्थान मिळावे ही त्या आंदोलनाची मागणी. कन्नड भाषकांना ती स्वाभिमानाची वाटली. सीमाभागातील मराठी भाषकांना आपल्या मुलांच्या शिक्षणावरचे संकट वाटली. पडद्यावर मराठी संताला कन्नड कंठ देणारा आणि रस्त्यावर कन्नडचा ध्वज उचलणारा माणूस एकच होता. या दोन गोष्टींत विसंगती शोधणे सोपे आहे. परंतु स्वभाषेचा आग्रह आणि परभाषेतील संताचा स्वीकार ही कन्नड सार्वजनिक जीवनात परस्परविरोधी मूल्ये नव्हती, असाही त्याचा अर्थ होतो. मराठी बाजूलाही हेच लागू पडते. 'प्रभात'चा अभिमान आणि 'सती सुलोचना'चे स्मरण ही एकमेकांच्या आड येणारी मूल्ये असण्याचे कारण नाही.

म्हणून सहस्मृती म्हणजे सौहार्द नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. सहस्मृती म्हणजे एकाच वस्तूच्या दोन आठवणी परस्परांस ठाऊक असणे. त्या जुळल्याच पाहिजेत असे नाही. भांडणारे भाऊ एकाच घराची आठवण निरनिराळी सांगतात, पण घर एकच होते हे दोघांनाही माहीत असते. आज मराठी आणि कन्नड चित्रपटस्मृतींना घर एक होते हेच माहीत नाही. भांडण मिटवणे समीक्षेच्या आवाक्याबाहेरचे आहे. हे अज्ञान दूर करणे मात्र तिच्या आवाक्यात आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा. जुनी गाणी, जुने चित्रपट, जुन्या मालिका यांचे स्मरणरंजन हा आता व्यवसाय आहे, तेव्हा त्याची चिकित्सा बाजाराची चिकित्सा म्हणून व्हावी असे म्हणता येईल. ते खरे आहे, पण अपुरे आहे. बाजार आठवण विकू शकतो. ती कोणत्या भाषेच्या कप्प्यात ठेवायची हे समाजाने आधीच ठरवलेले असते. शंकर नाग यांनी आगुंब्यात चित्रित केलेली 'मालगुडी डेज' (१९८६-८७) ही दूरदर्शन-मालिका आजही देशभर प्रेमाने आठवली जाते. इंग्रजी लेखकाचे तमिळ वळणाचे गाव, कन्नड मुलखातले चित्रीकरण, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर उमेदवारी केलेला कोंकणीभाषक दिग्दर्शक. याच दिग्दर्शकाने जयू व नचिकेत पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनात भाग घेतला होता. मराठी प्रेक्षक 'मालगुडी'ची आठवण काढतो, पण ती मराठी रंगभूमीच्या आठवणीला जोडत नाही. ही जोड बाजाराने तोडलेली नाही. आठवणींची वर्गवारी ज्या सवयीने होते, त्या सवयीने ती तोडली आहे.

७

या विवेचनातून तौलनिक साहित्याभ्यासासाठी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, चित्रपटाच्या संदर्भात 'मूळ संहिता आणि रूपांतर' या श्रेणीपेक्षा 'एका कथेचे अनेक वारस' ही श्रेणी अधिक उपयुक्त आहे. १९३६, १९३८, १९६३ आणि १९७३ या चार तुकारामांपैकी पहिला कालदृष्ट्या आधीचा आहे आणि कलादृष्ट्या श्रेष्ठही असेल, पण उरलेले तीन त्याच्या छाया नाहीत. प्रत्येकामागे त्या त्या भाषेची कीर्तन, हरिकथा वा हरिदास परंपरा उभी आहे. त्यांची तुलना करताना श्रेष्ठता ठरवण्यापेक्षा प्रत्येक भाषेने तुकारामात काय ठेवले आणि काय सोडले हे पाहणे फलदायी ठरेल.

दुसरा निष्कर्ष साधनसामग्रीविषयी. प्रभातच्या पुण्यातील जागेवर १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पी. के. नायर यांच्या अविश्रांत खटपटीमुळे जे वाचले ते तेथे वाचले. पुढे २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. नायर मूळचे केरळचे. त्यांनी मराठी चित्रपट मराठी म्हणून नव्हे, चित्रपट म्हणून वाचवले. आपल्याकडील सूची मात्र आजही मुख्यतः भाषावार आहेत. कोणत्या स्टुडिओत कोणत्या भाषांचे चित्रपट झाले, कोणता तंत्रज्ञ कोणकोणत्या भाषांत वावरला, अशी स्थळनिष्ठ सूची कोल्हापूर, पुणे, मुंबई, बंगळूर आणि मद्रास या पाच केंद्रांसाठी जरी तयार झाली, तरी 'सती सुलोचना'सारखे चित्रपट दोन इतिहासांच्या फटीत पडणार नाहीत. मराठी आणि कन्नड विभागांनी एकत्र करण्याजोगे हे काम आहे, आणि त्याला आता घाई आहे, कारण या चित्रपटांची ऐकीव माहिती सांगणारी पिढीही संपत आली आहे.

तिसरा निष्कर्ष स्मरणरंजनाविषयीच. त्याला भाबडे म्हणून नाकारल्याने अभ्यासाचे नुकसान होते, कारण न उरलेल्या चित्रपटांपर्यंत जाण्याचा तोच एक मार्ग पुष्कळदा शिल्लक असतो. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारणेही शक्य नाही. मराठी शब्दातून गळालेली वेदना त्यात परत आणावी लागेल. वेदना याचा अर्थ हळहळ नव्हे. आपण आठवतो ते उसने आहे, अपुरे आहे आणि शेजाऱ्याच्याही आठवणीत आहे, याची जाणीव म्हणजे ती वेदना. 'संत तुकाराम'च्या अखेरीस तुकाराम वैकुंठाला जातो आणि जिजाई मागे राहते. मराठी स्मरण आजवर विमानाकडे पाहत राहिले. मागे राहिलेल्यांचा संसार, म्हणजे जळालेल्या फिती, विसरलेले स्टुडिओ आणि दुसऱ्या भाषेत वाढलेली भावंडे, यांकडे पाहण्याचे काम उरले आहे. बोम्मसंद्र्याच्या एखाद्या इमारतीत चार घरांत चार तुकाराम नांदत असतील, तर त्या चौघांची एकमेकांशी ओळख करून देणे हे या कामाचे पहिले पाऊल ठरेल.